पायाखालची जमीन हलते तेव्हा...

सेकंडहँड कार घेताना आपण काय करतो? टायरवर एक लाथ मारतो, बॉनेट उघडून सगळं कळल्यासारखी मान डोलावतो आणि म्युझिक सिस्टीम चेक करतो. सेकंडहँड कॅरॅव्हॅन बघायला गेलात तर मात्र पहिल्यांदा बूट काढा आणि आत चालून बघा. दारापासून किचनपर्यंत, किचनपासून बाथरूमपर्यंत. पायाखाली ‘करकर’ झाली किंवा गादीवर पाय ठेवल्यासारखं वाटलं, तर समजा, फ्लोअरने दगा दिलाय!

गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर म्हणजे टूरिंग कॅरॅव्हॅन. ब्रिटनमध्ये हे वेड फार जुनं. डॉ. गॉर्डन स्टेबल्स या लेखक महाशयांनी १८८५ मध्ये ‘वाँडरर’ नावाची घोड्यांनी ओढायची कॅरॅव्हॅन खास भटकंतीसाठी बनवून घेतली होती. १९०७ मध्ये तर तिथे चक्क कॅरॅव्हॅन क्लब निघाला. आज यूकेला नोकरीसाठी गेलेल्या आपल्या मंडळींनाही सुट्टीतली हॉटेलची बिलं बघून ही आयडिया खुणावते. जुनी कॅरॅव्हॅन नवीच्या मानाने खूपच स्वस्त मिळते. पण फ्लोअर खराब निघाला, तर वर्कशॉपचं बिल कधी कधी कॅरॅव्हॅनच्या किमतीशीच स्पर्धा करतं. आणि वर टाकलेला नवाकोरा कार्पेट बरंच काही झाकू शकतो!

हे तर सँडविच!

साध्या कारला ओढता यावं म्हणून कॅरॅव्हॅन हलकी असावी लागते. त्यामुळे आधुनिक कॅरॅव्हॅनचा फ्लोअर हे चक्क सँडविच असतं. वर पातळ प्लायवूड, खाली पातळ प्लायवूड आणि मध्ये थर्माकोलच्या जातीचा फोम. कडांना आणि अधेमधे लाकडी पट्ट्या. या तिघांना धरून ठेवतो तो फक्त गोंद. तो घट्ट आहे तोवर हे हलकंफुलकं सँडविच माणसांचं वजन आरामात पेलतं. पण वर्षानुवर्षं त्याच जागी पाय पडले की गोंद सुटतो, प्लाय आणि फोम एकमेकांवर घासायला लागतात आणि फ्लोअर लचकतो. यालाच म्हणतात डीलॅमिनेशन, साध्या मराठीत थर सुटणं. दाराजवळ आणि किचनसमोर हे जास्त दिसतं, कारण सगळ्यात जास्त वर्दळ तिथेच!

आधी निदान, मग औषध

मऊ फ्लोअरची कारणं दोन. एक, नुसता गोंद सुटलाय. दोन, पाणी झिरपून लाकूड कुजलंय. दोन्हींचा इलाज वेगळा, म्हणून ओल मोजायचं मीटर हाताशी हवंच. साधारण १५ टक्क्यांपर्यंत रीडिंग असेल तर काळजी नाही. २०च्या वर गेलं, तर पाणी कुठून येतंय ते शोधा. भिंतीचा जोड, खिडकी, चाकावरचा भाग, सगळं तपासा. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक प्लायमध्ये सहज रुतलं तर प्लाय कुजलाय. तो कापून नवा टाकण्याला पर्याय नाही. प्लाय कोरडा आणि कडक आहे, पण लचकतोय? मग काम घरच्या घरी होऊ शकतं.

इंजेक्शनचा कोर्स

कार्पेट किंवा व्हिनाइल काढा. बोटाच्या पेराने फ्लोअरवर टकटक करा. जिथे पोकळ आवाज येतो तो भाग पेन्सिलने आखून घ्या आणि त्यावर ३-४ इंचांच्या अंतराने खुणा करा. दोन फूट बाय दोन फुटांच्या तुकड्यात ३६ ते ६४ भोकं सहज होतात, म्हणजे धीर हवा! साधारण १० मिलिमीटरचं ड्रिल घ्या. वरचा प्लाय आणि फोम पार करायचा, खालच्या प्लायला मात्र धक्का लावायचा नाही. त्यासाठी ड्रिल बिटवर योग्य खोलीला चिकटपट्टी गुंडाळली की काम झालं. भुसा व्हॅक्यूमने ओढून घ्या.

मग दोन भागांचं इपॉक्सी रेझिन थोडं थोडं कालवा. एकदम सगळं कालवलंत तर ते भांड्यातच तापून आवळेल. मोठ्या सिरिंजने एका टोकापासून भरत चला. शेजारच्या भोकातून रेझिन वर आलं, म्हणजे ते आत पसरतंय. लगेच प्रत्येक भोकात लाकडी खुंटी ठोका. वर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर सपाट फळी आणि फळीवर फरश्यांचं भरपूर वजन. खालून फळी आणि टेकूचा आधार दिलात तर आणखी उत्तम. दुसऱ्या दिवशी वजन उतरवा, खुंट्या छिन्नीने सपाट करा, सँडपेपर मारा. झालं!

हे मात्र टाळाच

* कुठलाही गोंद चालवून घेऊ नका. थर्माकोलच्या मखराला चुकीचा गोंद लावून ते विरघळताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना वेगळं सांगायला नको. पॉलिस्टर रेझिनही फोम खातं.
* फुगणारा फोम भरायचा मोह नको. फ्लोअरला टेंगूळ येईल.
* ड्रिल करण्याआधी खाली वाकून वायर, गॅसचा पाइप आणि चासी कुठे आहे ते बघा.
* कॅरॅव्हॅनचे चार कोपऱ्यांतले पाय तिला स्थिर ठेवण्यासाठी असतात, उचलण्यासाठी नाहीत. फक्त त्यांच्या भरवशावर खाली शिरू नका.
* कडाक्याच्या थंडीत रेझिन घट्ट होतं आणि सुकायलाही वेळ लावतं. उन्हाळ्यातला वीकएंड निवडा. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा.

घ्यायची की सोडायची?

दाराजवळचा कोरडा, मऊ तुकडा म्हणजे घासाघीस करायची उत्तम संधी. विक्रेत्यासमोरच चालून दाखवा आणि किंमत खाली आणा. पण कडेने ओल, काळे डाग आणि कुबट वास असं सगळं एकत्र दिसलं, तर पडदे कितीही गोड असोत, सरळ ‘थँक यू’ म्हणा आणि निघा. गोंद परत भरता येतो, कुजलेलं लाकूड मात्र रेझिनने जिवंत होत नाही.

आणि हो, दुरुस्ती झाल्यावरही दर सीझनला आतून एक अनवाणी चक्कर माराच. करकर लवकर ऐकू आली, तर चार भोकांत भागतं!