रायफल रुळते तेव्हा

नवी कोल्हापुरी चप्पल चावते म्हणून कोणी ती दुकानात परत नेत नाही. तिला तेल पाजतात, चार दिवस सोसतात, मग ती पायाला रुळते. रायफलीच्या बाबतीत मात्र एवढा धीर कोणी धरत नाही. एन.सी.सी.च्या शिबिरात आम्हा मुलींच्या वाट्याला दोन एसएलआर आल्या. एक वापरून गुळगुळीत झालेली. दुसरी कोठारात पडून राहिलेली, गोळ्या फारशा न झाडलेली, म्हणजे जवळजवळ नवीच. हिचा कॉकिंग हँडल ओढताना दम लागे. कोणी म्हणाले, रायफल खराब आहे. कोणी म्हणाले, भाकरी थापणाऱ्या हातांचे हे काम नव्हे. दुसरे बोलणे मला अधिक झोंबले. म्हणून उस्तादांना विचारून आणि ग्रंथालयात बसून जे उमगले ते येथे मांडते. (कलाशाखेच्या मुलीने यंत्रावर लिहू नये असा नियम माझ्या तरी वाचनात नाही.)

एसएलआर म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल. मूळ आराखडा बेल्जियमचा. आपल्याकडे ती पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात तयार झाली. १९६२ च्या चीन युद्धात आपल्या जवानांच्या हाती प्रामुख्याने .३०३ होती. पुढे तिची जागा ७.६२ मि.मी.च्या या रायफलीने घेतली, आणि १९९० च्या दशकापासून हिची जागा इन्सासने घेतली.

.३०३ मध्ये प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागेपुढे करावा लागतो. एसएलआरमध्ये हे काम गॅस करतो. गोळी नळीतून पुढे जाताना एका बारीक छिद्रातून थोडा गॅस वर येतो आणि पिस्टनला ढकलतो. पिस्टन कॅरिअरला धक्का देतो. कॅरिअर मागे सरकताना ब्रीचब्लॉकची मागची बाजू वर उचलतो, म्हणजे कुलूप उघडते. रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि दस्त्यातील रिटर्न स्प्रिंग दाबली जाते. तीच स्प्रिंग मग सारे पुढे ढकलते आणि जाता जाता मॅगझीनमधील नवे काडतूस नळीत बसवते.

पहिल्या वेळी मात्र हे आपल्या हातालाच करावे लागते. हात तेव्हा तीन गोष्टींशी झगडत असतो. एक रिटर्न स्प्रिंग. दुसरी हॅमरची स्प्रिंग, कारण हँडल ओढताना हॅमरही चढतो (तो आधीच चढलेला असेल तर ओढणे हलके जाते, हे कोणीही ताडून पाहावे). आणि तिसरे घर्षण. स्प्रिंगा जुन्या रायफलीतही असतात. नवेपणाचा खरा भार या तिसऱ्याचा.

कापलेले, घासलेले पोलाद हाताला गुळगुळीत लागले तरी सूक्ष्मदर्शकाखाली ते नांगरलेल्या शेतासारखे दिसते. त्यात लष्करी शस्त्रांवर गंज लागू नये म्हणून फॉस्फेटचा लेप देतात, तो मुळातच रवाळ. असे दोन पृष्ठभाग एकमेकांवर सरकले की उंचवटे उंचवट्यांना अडतात. वापराने ते झिजतात, दबतात आणि भाग एकमेकांशी जुळतात. आमच्या विहिरीवर नवे ऑइल इंजिन बसले तेव्हा पहिले काही दिवस त्यावर पुरा भार टाकू नका, असे फिटरने वडिलांना बजावले होते. कारण हेच.

कोठारातल्या रायफलीत आणखी एक भर असते : जुने, घट्ट झालेले ग्रीस. म्हणून आधी रायफल रिकामी असल्याची खात्री, मग उस्तादांच्या देखत खोलणे, चिंधीने ग्रीस पुसणे, आणि जेथे पोलाद पोलादावर सरकते तेथे तेलाचा पातळ हात. रिकामी रायफल काही वेळ हाताने मागेपुढे केली तरी फरक जाणवतो. कानस किंवा पॉलिश पेपर मात्र चुकूनही लावू नये. झिजवलेले पोलाद परत येत नाही.

गोळीबारात या ताठरपणाची दखल गॅस रेग्युलेटर घेतो. तो उघडला की जास्त गॅस वाया जातो, बंद केला की तो पिस्टनकडे वळतो. ताठर रायफलीला जास्त गॅस लागतो. कमी पडला तर रिकामे काडतूस नीट फेकले जात नाही किंवा नवे उचलले जात नाही. पण रायफल रुळल्यावरही तेवढाच गॅस देत राहिले तर भाग एकमेकांवर विनाकारण आदळतात. ही सोय मला या रायफलीतील सर्वांत शहाणी गोष्ट वाटते.

किती गोळ्यांनी रायफल रुळते याचा एकच आकडा नाही. खुणा मात्र असतात. सरकणाऱ्या जागी सारख्या, चकचकीत रेषा उमटल्या तर ते झिजणे योग्य. एकाच बाजूला खोल ओरखडा, दर वेळी एकाच जागी अडणे, साफ करूनही काडतूस नळीत रुतून बसणे, ही लक्षणे नवेपणाची नव्हेत. ब्रीचब्लॉक पुरता मिटला नाही तर ठोकून मिटवायचा नसतो. एसएलआरचा हँडल कॅरिअरला पुढे ढकलतही नाही, तो फक्त मागे ओढण्यापुरता. नळी चांदमारीच्या दिशेलाच ठेवून बोट ट्रिगरवरून काढायचे आणि उस्तादांना हाक द्यायची. तीच अडचण पुन्हा आली, तर ती रायफल आर्मररकडे जाते.