शनीच्या चंद्रावरचे बगदाद

अर्ध्या चंद्राकडे साध्या दुर्बिणीतून पाहिले तरी खड्डेच खड्डे दिसतात. त्यातले बहुतेक आकाशातून येऊन आदळलेल्या दगडांचे आहेत. तेथे हवा नाही, पाऊस नाही, नदी नाही. म्हणून एकदा पडलेला खड्डा अब्जावधी वर्षे तसाच राहतो.

पण सगळ्याच चंद्रांचे असे नाही. शनीचे मिमास आणि एन्सेलॅडस हे दोन शेजारी चंद्र पाहा. दोन्ही बर्फाचे. मिमासचा व्यास सुमारे ४०० किलोमीटर, एन्सेलॅडसचा ५००. दोघांचाही शोध विल्यम हर्शेल यांनी १७८९ मध्ये लावला. मिमास खड्ड्यांनी भरलेला आहे. एन्सेलॅडसच्या उत्तरेला खड्डे आहेत, दक्षिण ध्रुवाजवळ मात्र ते जवळजवळ नाहीतच. दगड तर दोघांवरही पडले. मग येथले खड्डे गेले कुठे?

एन्सेलॅडसची कक्षा किंचित लांबट आहे. डायोनी या चंद्राची एक फेरी होते तेवढ्यात त्याच्या दोन होतात. डायोनीच्या या ठरावीक ओढीमुळे कक्षा गोल होऊ शकत नाही. शनीची ओढ कधी वाढते, कधी घटते. एन्सेलॅडस सतत दाबला आणि ताणला जातो आणि आतून तापतो. त्या उष्णतेने बर्फाखाली समुद्र टिकून आहे. वरचा बर्फ तडकतो, सरकतो, नवा होतो. भेगांतून उडालेले पाणी गोठते आणि त्यातले बरेचसे हिमासारखे खाली पडते. असे जुने खड्डे पुसले जातात.

या चंद्रावरील ठिकाणांना ‘आलिफ लैला’तली नावे देतात. उत्तरेकडे अलीबाबा आणि अलादीन ही विवरे आहेत. दक्षिणेच्या चार मोठ्या भेगा म्हणजे बगदाद, दमास्कस, कैरो आणि अलेक्झांड्रिया.

कॅसिनी यानाला २००५ मध्ये येथले फवारे दिसले. पुढे त्या पाण्यात मीठ आणि कार्बनची संयुगे सापडली. तेथे सूक्ष्म जीव असतील का, हा प्रश्न आजही खुला आहे. म्हणूनच इंधन संपत आल्यावर, २०१७ मध्ये, शास्त्रज्ञांनी कॅसिनीला मुद्दाम शनीच्या वातावरणात जळू दिले. यानावरचा पृथ्वीचा एखादा जंतू त्या समुद्रात जाऊ नये, हा हेतू होता.

कुरआन आकाशांच्या निर्मितीवर विचार करायला सांगतो. विचाराबरोबर जबाबदारीही येते. अल्लाहची सृष्टी ही आपल्याकडे अमानत आहे. जिथे आपले पाऊलही पडलेले नाही, तिथलीसुद्धा.