मार्दीनच्या फतव्यांतील एक अपपाठ

छापील आवृत्ति निघाली म्हणजे मूळ हस्तलिखिताचें काम संपलें, असा समज पुष्कळांचा असतो. तो किती घातक ठरतो, याचें एक उदाहरण इस्लामच्या नांवानें चाललेल्या आधुनिक दहशतवादाच्या इतिहासांत आहे.

इब्न तैमिया (१२६३–१३२८) हा दमास्कसचा प्रसिद्ध धर्मशास्त्री. त्याचा जन्म हर्रानचा. मोंगलांच्या भयानें त्याचें घराणें दमास्कसला आलें. हल्लींच्या तुर्कस्तानांत असलेलें मार्दीन शहर त्या काळीं मोंगलांच्या अधिसत्तेखालीं होतें, परंतु वस्ती मुसलमानांची होती. तें युद्धभूमि मानावें कीं शांतिभूमि, असा प्रश्न त्यास विचारण्यांत आला. त्यानें उत्तर दिलें कीं, तें दोहोंपैकीं एकही नसून मिश्र असा तिसरा प्रकार आहे. तेथील मुसलमानाशीं त्याच्या योग्यतेप्रमाणें वागावें, आणि शरीयतीबाहेर गेलेल्याशीं त्याच्या योग्यतेप्रमाणें... या पुढील क्रियापदाविषयींच वाद आहे.

दमास्कसच्या जाहिरिया ग्रंथसंग्रहांतील हस्तलिखितांत ‘युआमल’, म्हणजे ‘वागविलें जावें’, असा पाठ आहे. इब्न तैमियाचा शिष्य इब्न मुफ्लिह यानें हा उतारा आपल्या ग्रंथांत घेतला, तेथेंही तोच पाठ आहे. परंतु १९०९ सालीं कैरो येथें छापलेल्या संग्रहांत ‘युकातल’, म्हणजे ‘लढलें जावें’, असें पडलें. पुढें रियाधच्या मोठ्या संग्रहांतही तेंच उतरलें. दोन्ही शब्द पांच अक्षरी असून दुसरें व चौथें अक्षर तेवढें भिन्न आहे: ऐनच्या जागीं काफ आणि मीमच्या जागीं ते. घाईचें लिखाण वाचतांना असा भ्रम कसा होतो, हें मोडी वाचणारांस सांगणें नलगे.

इजिप्तमध्यें १९२८ सालीं हसन अल्-बन्ना यानें इख्वान संघटना स्थापिली. तिच्यांतील सय्यद कुत्ब यानें प्रचलित समाजव्यवस्था म्हणजे इस्लामपूर्व अज्ञानावस्थाच होय, असें प्रतिपादिलें. त्यास १९६६ सालीं फांशी झाली. या विचारपरंपरेंतून आलेल्या अब्दुस्सलाम फरज यानें ‘अल्-फरीदा अल्-गाइबा’ या पुस्तिकेंत देशांतील राज्यकर्त्यांची तुलना मोंगलांशीं केली आणि त्यांच्याशीं लढणें हें कर्तव्य ठरविलें. मार्दीनचा फतवा त्यानें घेतला तो ‘युकातल’ या पाठासह. ६ ऑक्टोबर १९८१ रोजीं अध्यक्ष सादात यांचा खून झाला; १९८२ सालीं फरज यास फांशी देण्यांत आली. त्या प्रकरणीं कैद भोगलेला अयमन अल्-जवाहिरी पुढें अफगाण युद्धाच्या क्षेत्रांत गेला. तेथें १९८८ सालीं ओसामा बिन लादेन यानें अल्-कायदा स्थापिली. जवाहिरी तिचा प्रमुख साहाय्यक झाला. ११ सप्टेंबर २००१ रोजीं अमेरिकेंत सुमारें ३,००० माणसें तिच्या हल्ल्यांत मेलीं.

हा सर्व अनर्थ एका मुद्रणदोषानें झाला, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. इब्न तैमियाच्या मोंगलांविषयींच्या इतर फतव्यांत लढण्याची आज्ञा स्पष्ट आहे, व फरजनें त्यांचाही आधार घेतला. शिवाय १९६७ चा पराभव, तुरुंगांतील छळ व अफगाणिस्तानचें युद्ध हीं कारणें निराळीं. परंतु ज्या फतव्यांत मिश्र वस्तीकडे विवेकानें पाहण्याची वाट होती, तोच या अपपाठानें हत्येचा दाखला झाला.

मार्च २०१० मध्यें मार्दीन येथेंच विद्वानांची परिषद भरली. अब्दुल्ला बिन बय्या यांनीं हस्तलिखिताच्या आधारें शुद्ध पाठ पुढें मांडला, आणि या फतव्यावरून हत्या करूं पाहणारा चुकला आहे, असें परिषदेनें जाहीर केलें. छापील चुकीला तोंपर्यंत एक शतक लोटलें होतें. तेवढा काळ शुद्ध पाठ दमास्कसच्या दप्तरांत होता. संग्राहकानें पोथी जपली, तरी संपादकानें ती उघडून ताडून पाहिल्यावांचून तिचा उपयोग होत नाहीं.