भाल्याचे वय

जुन्या भाल्याचे वय ठरवताना पात्याच्या आधी नळी पाहावी. नळी म्हणजे पात्याच्या बुडाशी असलेला पोकळ भाग. दांडा त्यात बसतो. पात्याचा घाट पिढ्यान्‌पिढ्या तोच राहतो. नळी घडवण्याची रीत मात्र लोखंड बदलले तशी बदलत गेली.

त्याआधी हातातली वस्तू नेमकी कोणती, हे कळायला हवे. घोडेस्वाराच्या लांब भाल्याचा दांडा भरीव वेळूचा असे. विटा हा फेकायचा भाला. त्याला दोरी बांधलेली असे आणि तिचे दुसरे टोक मनगटाला, म्हणजे फेकलेले शस्त्र ओढून परत घेता येई. सांग पात्यापासून बुडापर्यंत लोखंडाची. बोथाटी सरावाची, म्हणून तिच्या टोकाला पात्याऐवजी गोळा. अरुंद, जाड, तीन किंवा चार कडांचे पाते चिलखताच्या कड्यांत घुसवण्यासाठी असते. रुंद पानासारखे पाते त्या कामाचे नव्हे. दांड्यावर विसंबू नये. वाळवीने खाल्लेला दांडा घरोघरी बदलला गेला आहे, आणि बुडाची शेंबी तर पुष्कळदा दुसऱ्याच भाल्याची निघते.

हाताने घडवलेल्या नळीत लोखंडाची पट्टी गुंडाळून कडा एकमेकींवर चढवलेल्या आणि तापवून ठोकलेल्या असतात. बोट फिरवले की किंचित तिरकी शिवण लागते. आतली बाजू खडबडीत असते, जाडी कुठे कमी कुठे जास्त. देशी भट्टीतल्या लोखंडात मळीचे बारीक धागे राहतात. गंज चढला की भिंगाखाली ते लाकडाच्या रेषांसारखे दिसतात. कारखान्यातले एकजीव पोलाद १८५६ च्या बेसेमर पद्धतीनंतर स्वस्त होत गेले, त्यात या रेषा नसतात. विजेच्या वेल्डिंगची माळ दिसली तर ते काम विसाव्या शतकातले. जुना गंज काळपट तपकिरी आणि धातूला घट्ट धरलेला असतो. आम्ल लावून आणलेला नारिंगी गंज बोटाला लागतो.

या पुराव्याचा मोठा शत्रू म्हणजे खंडेनवमी. शस्त्रपूजेच्या आदल्या दिवशी भाला पॉलिशपेपरने घासून लख्ख केला की वरचा जुना थर गेला. नळीच्या कड्यांखाली साचलेले हळदकुंकू आणि तेलाची काळी पुटे मात्र वाचतात, आणि पुष्कळदा तेवढाच जुना थर हाती उरतो.

फसवणारे भाले वेगळेच. ब्रिटिश रिसाल्यांनीही भरीव वेळूचे दांडे वापरले. पात्यावर किंवा शेंबीवर बाणाच्या फाळासारखी छोटी खूण ठोकलेली असेल, तर ती सरकारी मालमत्तेची खूण आहे. डुकराच्या शिकारीचे भालेही वाड्यांत मराठेशाहीचे म्हणून टांगलेले असतात. एकोणिसाव्या शतकात औरंगाबादच्या बोधराजचे शिकारी भाले साहेबलोकांत नावाजलेले होते. त्यांवर रोमन अक्षरांत नाव सापडते. मुंबई पद्धतीचा शिकारी भाला लांब असतो, बंगालचा आखूड आणि बुडाशी शिसे भरलेला. जावा बेटाचा तोंबक तर पहिल्या नजरेत ओळखावा: त्याच्या पात्याला नळी नसते. तिथल्या क्रिस खंजिराप्रमाणे शेपूट असते, ते दांड्यात रुतवतात, आणि पात्यावर पामोर नावाची थरांची नक्षी उमटलेली असते.

कोरलेला आकडा मिळाला तर आनंद व्हावा, पण घाई नको. समजा आकडा ११७५ आहे. शक धरला तर इसवी सन १२५३ येते, म्हणजे तो शक नव्हे. शुहूर सन धरला तर १७७४-७५. हे वर्ष मृगाला सुरू होते, म्हणून मृगानंतरच्या महिन्यांसाठी ५९९ आणि जानेवारीपासूनच्या महिन्यांसाठी ६०० मिळवायचे. दख्खनी फसलीत तोच आकडा १७६५-६६ ठरतो, हिजरीत १७६१-६२. शेजारचे शब्द आणि मोडी किंवा फारसी लिपी यांवरून निवड होते. अक्षरांच्या खाचेच्या तळाशी पृष्ठभागासारखाच गंज नसेल, तर कोरीवकाम नंतरचे.

मेढ्याच्या आसपास, जावळी खोऱ्यात, घरातला भाला चंद्रराव मोऱ्यांवरच्या १६५६ च्या स्वारीचा किंवा १६५९ च्या प्रतापगडाच्या लढाईचा असल्याचे सांगितले की तपासणाऱ्याची पंचाईत होते. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या किंवा पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातल्या भाल्यांशी घाट जुळला, तरी त्याने एखादे साल सिद्ध होत नाही. लेख किंवा घराण्याचे कागद नसतील तर हाताने घडवलेल्या नळीवरून अठराव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंतचा पट्टा सांगता येतो. सतराव्या शतकात जायला त्याहून जास्त काही लागते.