मतदार फिरला की उमेदवार?

एप्रिल २०१७ मध्ये लातूर महापालिकेचा निकाल लागला आणि भाजपने ७० पैकी ३६ जागा घेतल्या. पाच वर्षांपूर्वी याच सभागृहात या पक्षाचा एकही नगरसेवक नव्हता. सहा महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये नांदेडचा निकाल आला. तिथे काँग्रेस ८१ पैकी ७३. मुख्यमंत्री तेच, देशातली हवा तीच, मधलं अंतर दीडशे किलोमीटरच्या आतलं. जानेवारी २०२६ मध्ये दोन्ही शहरांनी एकाच दिवशी मतदान केलं, तेव्हा पाट बदलले होते. लातुरात काँग्रेस ४३ आणि भाजप २२, तर नांदेडात भाजपला ४५ जागांसह स्पष्ट बहुमत. काँग्रेसला तिथे २०१७ च्या आकड्याच्या जवळपासही जाता आलं नाही.

अशा निकालानंतर ठरलेली वाक्यं येतात. गड ढासळला, गड राखला, मतदारांनी धडा शिकवला. ती ऐकताना मला नेहमी एकच प्रश्न पडतो: इथे नक्की हललं काय? मतदार हलला, की उमेदवार पक्ष बदलून पलीकडे गेला आणि मतदार जागच्या जागीच राहिला? की दोघेही तिथेच होते आणि प्रभागाची रचनाच बदलली? जागांच्या आकड्यात ही तिन्ही उत्तरं एकसारखी दिसतात. त्यामुळे सगळ्यांत मोठ्या अक्षरांत छापला जाणारा हा आकडा मतदाराबद्दल सगळ्यांत कमी सांगतो.

आधी प्रभागाचं गणित. मुंबई सोडली तर राज्यातल्या महापालिकांची प्रभागरचना जवळजवळ दर खेपेला बदलत आली आहे. २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ मध्ये एक, २०१२ मध्ये दोन आणि २०१७ मध्ये चार. महाविकास आघाडीने आधी एक, मग तीन असं ठरवलं. त्या रचनेवर निवडणूक झालीच नाही आणि पुढच्या सरकारने पुन्हा चार केले. चारच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा असतात आणि मतदार प्रत्येक जागेसाठी वेगळं बटण दाबतो. समजा, एका प्रभागात बारा हजारांनी मतदान केलं. एका पक्षाच्या पॅनेलला प्रत्येक जागेवर पाच हजार, दुसऱ्याला चार आणि तिसऱ्याला तीन हजार मतं पडली. पहिल्याला ४२ टक्क्यांच्या आतबाहेर मतं मिळाली, पण जागा मिळाल्या चारपैकी चार. शहरभर असंच झालं तर सभागृहात विरोधक शोधावा लागेल, आणि बाहेर मात्र निम्म्याहून जास्त लोकांनी त्या पक्षाला मत दिलेलं नसेल. आपल्या वॉर्डात वजन असलेला एकटा अपक्ष किंवा छोटा पक्ष चौपट मोठ्या प्रभागात विरघळून जातो. त्याची मतं कुठे गेलेली नसतात, फक्त मोजायची चौकट मोठी झालेली असते.

ब्रिटनमध्येही हीच अडचण आहे, पण तिथे तिच्यावर एक तोड काढलेली आहे. तिथल्या नगर आणि काउंटी परिषदांच्या निवडणुका टप्प्याटप्प्याने होतात. यंदा हा भाग, पुढच्या वर्षी तो. त्यामुळे नुसत्या जागा मोजून देशाचा कल कळत नाही. मग बीबीसीसाठी जॉन कर्टिस आणि त्यांचे सहकारी निवडक वॉर्डांतली प्रत्यक्ष मतं मागच्या निवडणुकीशी ताडून पाहतात, आणि आज सगळीकडे मतदान झालं असतं तर कोणाला किती टक्के मिळाले असते याचा अंदाज मांडतात. मे २०२५ मध्ये त्यांनी रिफॉर्म यूकेला ३० टक्के, मजूर पक्षाला २० आणि हुजूर पक्षाला १५ टक्के दिले होते. रिफॉर्मने दहा परिषदा जिंकल्या त्या या ३० टक्क्यांवर. मतं चार-पाच पक्षांत वाटली गेली की तीस टक्केही भरघोस जागा देऊन जातात. हा अंदाज चुकूही शकतो. पण निकालाच्या संध्याकाळी जागांइतकीच चर्चा टक्क्यांची होते. आपल्याकडे महापालिकांच्या निकालाला टक्के असतात हेच बहुतेकांच्या गावी नसतं.

आता नांदेड. २०१२ मध्ये इथे काँग्रेसला ४१ जागा होत्या, म्हणजे काठावरचं बहुमत. शिवसेना १४, राष्ट्रवादी १०. खरी बातमी मात्र एमआयएमच्या ११ जागांची होती. हैदराबादचा हा पक्ष त्या निकालाने महाराष्ट्राच्या राजकारणात ठळकपणे उतरला. २०१७ मध्ये हे ११ शून्यावर आले आणि राष्ट्रवादीचे दहाही शून्यावर. हे दोन शून्य आधी बघितले की ७३ चा आकडा उलगडायला लागतो. भाजपने ती निवडणूक अंगावर घेतली होती. लोह्याचे शिवसेनेचे आमदार प्रताप पाटील चिखलीकर उघडपणे भाजपचा प्रचार करत होते. लढत अशी दुरंगी झाली की भाजपविरोधी मत वाटून टाकायला कोणी तयार होत नाही. २०१२ मध्ये तीन-चार ठिकाणी विखुरलेलं मत पंजाकडे गोळा झालं, आणि त्याला चार सदस्यांच्या प्रभागाची साथ मिळाली.

दीड वर्षाने, २०१९ च्या लोकसभेला, याच चिखलीकरांनी भाजपच्या चिन्हावर काँग्रेसच्या अशोक चव्हाणांचा ४०,१४८ मतांनी पराभव केला. त्या निवडणुकीत वंचित बहुजन आघाडीला १,६६,१९६ मतं होती. ती सगळी काँग्रेसचीच होती असं धरून बेरीज करणारे मला पटत नाहीत, कारण वंचितचा मतदार हा कोणाची ठेव नव्हे. पण जे मत २०१७ मध्ये एकवटलं होतं ते पुन्हा वाटलं गेलं, एवढं म्हणता येतं. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भोकरमधून चव्हाण मोठ्या मताधिक्याने विधानसभेवर गेले. महापालिकेत ७३, लोकसभेत हार, विधानसभेत दणदणीत जीत, तेही सगळं साधारण दोन वर्षांत. यातला कुठला निकाल म्हणजे ‘नांदेडचा कल’?

१३ फेब्रुवारी २०२४ ला अशोक चव्हाण भाजपमध्ये गेले आणि त्यांच्या पाठोपाठ अनेक माजी नगरसेवकही गेले. नगरसेवक एकटा जात नाही. गल्लीतली पोरं, नळाची तक्रार घेऊन येणाऱ्या बाया, लग्नाच्या पत्रिका, दवाखान्यातली ओळख, हे सगळं त्याच्यासोबत जातं. म्हणून भाजपचे २०२६ चे ४५ वाचताना मी आधी विजयी उमेदवारांची नावं २०१७ च्या यादीशेजारी ठेवून बघेन. नाव तेच आणि चिन्ह वेगळं, असं जिथे दिसेल तिथे मतदार पंजाकडून कमळाकडे गेला असं म्हणण्यापेक्षा तो आपल्या माणसाबरोबर राहिला, असं म्हणणं जास्त बरोबर ठरेल. जिथे माणूसही नवा आणि चिन्हही नवं, तिथलं परिवर्तन खरं.

लातूरची गोष्ट वेगळी. तिथे विलासराव देशमुखांच्या घराण्याने काँग्रेस सोडली नाही. २०१२ च्या पहिल्या महापालिका निवडणुकीत काँग्रेसला ७० पैकी ४९ जागा मिळाल्या तेव्हा विलासराव हयात होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले. पुढे २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. रिकाम्या घागरींच्या रांगा ज्यांनी पाहिल्या, त्यांना २०१७ चा निकाल समजायला राष्ट्रीय लाटेची गरज पडत नाही. महिना-दोन महिने आधी जिल्हा परिषदही भाजपकडे गेली होती आणि संभाजी पाटील निलंगेकर पालकमंत्री होते. तरीही ३६ विरुद्ध ३३ हा निकाल म्हणजे वाडा कोसळला नव्हता; काँग्रेस अगदी शेजारीच बसली होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये भाजपमध्ये फूट पडली आणि काँग्रेसचे विक्रांत गोजमगुंडे महापौर झाले. महापालिकेसाठी मतदाराने मधल्या काळात एकही बटण दाबलं नव्हतं.

२०२६ च्या प्रचारात भाजपचे प्रदेशाध्यक्ष रवींद्र चव्हाण यांनी विलासरावांच्या आठवणी लातुरातून पुसल्या जातील अशा अर्थाचं विधान केलं आणि गदारोळ उठला. (नांदेडच्या काँग्रेस खासदारांचंही नाव रवींद्र चव्हाणच. मराठवाड्याच्या राजकारणात नुसत्या नावावर विसंबू नये.) काँग्रेसच्या विजयाचं श्रेय बहुतेकांनी त्या विधानाला दिलं. दुखावलेल्या मनाचा परिणाम झालाच असेल, पण काँग्रेसची वंचितशी युती होती ही जास्त रुक्ष गोष्ट मला वजनदार वाटते. लातुरात ती जमली, तिथे मत वाटलं गेलं नाही.

मतदाराला पक्ष कळत नाही, तो नुसता माणूस बघतो, असंही यावरून कोणी समजू नये. २० नोव्हेंबर २०२४ ला नांदेडच्या मतदारांपुढे दोन यंत्रं होती. एक विधानसभेचं, दुसरं काँग्रेसचे खासदार वसंतराव चव्हाणांच्या निधनामुळे लागलेल्या लोकसभा पोटनिवडणुकीचं. लोकसभा मतदारसंघातल्या सहाही विधानसभा जागा महायुतीने जिंकल्या. आणि त्याच केंद्रांवर, त्याच रांगेतल्या लोकांनी लोकसभेला काँग्रेसच्या रवींद्र चव्हाणांना १,४५७ मतांनी निवडून दिलं. एका हाताने कमळ किंवा धनुष्यबाण आणि दुसऱ्या हाताने पंजा दाबणारे हजारो लोक त्या दिवशी होते. त्यांना कोणत्याच पक्षाच्या खात्यावर मांडता येत नाही.

आणखी एक निकाल मला फार बोलका वाटतो. लातूर ग्रामीण, २०१९. युतीत ही जागा शिवसेनेला सुटली आणि भाजपचे इच्छुक रमेश कराड बाजूला राहिले. काँग्रेसचे धीरज देशमुख लाखावर मतांच्या फरकाने जिंकले. पण दुसऱ्या क्रमांकावर शिवसेनेचा उमेदवार नव्हता. दुसऱ्या क्रमांकावर ‘नोटा’ होतं, साडेसत्तावीस हजार मतांसह. तक्त्यावर तो युतीचा सपशेल धुव्वा दिसतो. पण इतके लोक उन्हातान्हात केंद्रापर्यंत आले होते, रांगेत थांबले होते आणि शेवटचं बटण शोधून दाबून गेले होते. २०२४ मध्ये कराडांना तिकीट मिळालं आणि त्यांनी धीरज देशमुखांना साडेसहा हजारांच्या फरकाने हरवलं.