गाडी कुरकुरते तेव्हा

बैलगाडीचे चाक करकरू लागले की गाडीवानाला कुणी सांगावे लागत नाही. वंगण सुकले, हे तो ओळखतो. गाडी थांबवतो, आसाला वंगण देतो आणि पुढे जातो. करकर बंद होते.

आता गावोगाव जीप आल्या, पिकअप आल्या, कुणाच्या दारात मोटार आली. याही गाड्या कुरकुरतात. मग बैलगाडीची सवय असलेला माणूस म्हणतो, "अरे, थोडं तेल सोड की तिथं!" इथेच घोटाळा होतो. मोटारीत काही जागांना तेल हवेच असते. काही जागा तेलाने खराब होतात. आणि एक जागा अशी आहे की तिथे तेल गेले तर गाडी थांबायचीच नाही. म्हणून आधी आवाज कुठला ते ओळखायचे आणि मग हात लावायचा.

मुळात आवाज होतो कसा? दोन वस्तू एकमेकींवर घासतात. घासताना त्या क्षणभर एकमेकींना धरतात, मग सुटतात, पुन्हा धरतात. हे इतक्या भराभर होते की वस्तू थरथरते. त्या थरथरीचाच आवाज आपल्याला ऐकू येतो. सारंगीचा गज तारेवर फिरतो तेव्हा हेच होते. तिथे त्याला आपण सूर म्हणतो, गाडीत कुरकुर म्हणतो, एवढाच फरक.

आवाज कुठून येतो हे नुसत्या कानाने सांगणे कठीण असते. पत्र्यातून तो फिरतो. मागे वाजलेले पुढे ऐकू येते. म्हणून "कुठे" हे विचारण्याआधी "केव्हा" हे विचारावे. ब्रेक दाबल्यावर वाजते का? खड्ड्यात वाजते का? वळताना? का सकाळी गाडी सुरू करताच? याचे उत्तर मिळाले की निम्मे काम झाले.

ब्रेकचा आवाज सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून तो आधी घेऊ.

पुढच्या चाकांना बहुधा डिस्क ब्रेक असतो. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी. तिच्या दोन्ही बाजूंना दोन पॅड असतात. आपण पायाने ब्रेक दाबला की हे पॅड तबकडीला दोन्हीकडून चिमटीत धरतात. घासून घासून चाक थांबते. दर वेळी पॅड थोडा झिजतो. पाटीवरची पेन्सिल झिजते, तसाच. नव्या पॅडवरचा घासणारा थर साधारण 10 मिलिमीटर जाड असतो. तो 3 मिलिमीटरवर आला की पॅड बदलावा. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवा, जवळजवळ तेवढी ती जाडी.

पण चाकाच्या आत कोण रोज डोकावणार? म्हणून पुष्कळ पॅडना एक लहानशी पोलादी पट्टी लावलेली असते. पॅड झिजला की ती पट्टी तबकडीला टेकते आणि "कुईऽऽ" असा बारीक, कानाला झोंबणारा आवाज येतो. हा आवाज बिघाडाचा नव्हे. कारखान्याने मुद्दाम ठेवलेली ती हाक आहे. "माझी वेळ भरली, मला बदला," असे पॅड सांगतो. सगळ्याच पॅडना अशी पट्टी नसते, त्यामुळे आवाज नाही म्हणजे पॅड चांगले, असेही धरू नये. दर सर्व्हिसिंगला चाक काढून पाहायला सांगावे.

ही हाक ऐकली नाही तर काय होते? थर संपतो. मग पॅडचे लोखंड तबकडीच्या लोखंडावर घासते. "कुई" जाऊन "खर्रर्र" सुरू होते. आता तबकडीही ओरखडते. पॅडच्या खर्चात तबकडीचा खर्च वाढतो, पण खर्चाचे सोडा. गाडी पूर्वीइतकी लवकर थांबत नाही. ओतूर-जुन्नरकडचा माल भरलेला पिकअप माळशेज घाट उतरतो आहे, मागे कांद्याच्या गोण्या आहेत, पुढे वळण आहे, अशा वेळी हे व्हायला नको. खर्रर्र ऐकू आले की गाडी कडेला घ्यावी आणि मिस्त्रीला तिथेच बोलवावे. "बाजार करून येतो, मग बघू," हे या आवाजाला चालत नाही.

आणि तेल? ब्रेकला तेल किंवा ग्रीस कधीही लावू नये. तेल लागले की आवाज बंद होईल, हे खरे. कारण पॅड घासायचाच बंद होईल! पण घासण्यावरच तर गाडी थांबते. तेल थरात मुरते, मग ते पुसून निघत नाही. तो पॅड टाकूनच द्यावा लागतो. पॅडच्या पाठीला मिस्त्री वेगळे, उष्णता सोसणारे ग्रीस लावतो, ते त्याला माहीत असते. आपण त्यात पडू नये. तसेच चाकात साठलेली ब्रेकची काळी भुकटी तोंडाने फुंकू नये. ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसावी आणि ते फडके टाकून द्यावे.

ब्रेकचा प्रत्येक आवाज भिण्यासारखा नसतो, हेही सांगायला हवे. पावसात गाडी रात्रभर उभी राहिली की तबकडीवर पातळ गंज चढतो. सकाळी पहिले चार-पाच ब्रेक खरखरतात, मग गंज निघून जातो आणि आवाज थांबतो. नवे पॅडही सुरुवातीला थोडे कुरकुरतात. जो आवाज थांबत नाही, रोज वाढतो, तो धोक्याचा.

दुसरा आवाज सकाळचा. इंजिन सुरू होताच बॉनेटखालून "चीऽऽ" अशी किंकाळी येते. हा बहुधा पट्ट्याचा, म्हणजे फॅनबेल्टचा आवाज. पिठाच्या गिरणीचा पट्टा सैल झाला की चाकावर घसरतो आणि ओरडतो, तुम्ही ऐकले असेल. तोच प्रकार. पट्टा सैल तरी झाला आहे, नाही तर झिजून गुळगुळीत झाला आहे. इंजिन बंद करून पट्टा पाहावा. चिरा पडल्या असतील, काठ उसवले असतील, तर बदलावा. गिरणीच्या पट्ट्याला राळ लावतात तशी इथे लावू नये. आवाज दोन दिवस दबतो आणि पट्टा तिसऱ्या दिवशी तुटतो. पुष्कळ गाड्यांत हाच पट्टा बॅटरी भरतो आणि इंजिन थंड ठेवणारे पाणीही फिरवतो. तो तुटला की इंजिन तापून गाडी रानात उभी. आणि इंजिन चालू असताना तिथे हात, उपरणे, पदर काही जवळ नेऊ नका. पट्टा दया करत नाही.

तिसरा आवाज खड्ड्यातला. आपल्या रस्त्यांवर हाच जास्त! गाडी आदळली की खालून "करकुच्, करकुच्" येते. पिकअपला मागे पाटे असतात. एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्या. त्यांच्यामध्ये धूळ-चिखल जातो, गंज धरतो आणि त्या करकरतात. काही ड्रायव्हर यावर जळके ऑइल ओततात. हे काम आळशाचे. ऑइलवर धूळ बसते, तिचे किटण होते आणि ऑइल ओघळून चाकात गेले तर पुन्हा ब्रेकचा प्रश्न. पाटे धुऊन घ्यावेत, एखादा तुटला आहे का, बोल्ट ढिले आहेत का, ते पाहावे. ग्रीस द्यायचे की नाही हे मिस्त्रीला विचारावे, कारण काही पाट्यांमध्ये प्लॅस्टिकचे तुकडे असतात, त्यांना ग्रीस लागत नाही.

पाट्यांशिवाय खाली रबरी बुशही असतात. यांना साधे तेल चालत नाही, रबर फुगते आणि कुजते. बुश वाजतो का, हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. गाडी सपाट जागी उभी करावी. इंजिन बंद, हँडब्रेक लावलेला, चाकांना दगड लावलेले. एकाने गाडीचा कोपरा दाबून वर-खाली हलवावा, दुसऱ्याने बाजूला बसून ऐकावे. बुशवर साबणाचे पाणी शिंपडावे. आवाज थांबला, तर चोर सापडला! पण नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. जॅक घसरायला वेळ लागत नाही.

वळताना "टक-टक-टक" आले तर पुढच्या चाकामागचा रबरी गाभा फाटून आतले ग्रीस उडाले असेल. वेग वाढेल तसा "घूंऽऽ" वाढत गेला तर चाकाचे बेअरिंग जात आले आहे. ही दोन्ही कामे घरची नाहीत. लवकर दाखवावे.

आणि दार? दाराच्या बिजागरीला मात्र खुशाल तेल द्या. तिथे तुमचा बैलगाडीचा उपाय चालतो.

एक गमतीचा आवाज राहिला. पुष्कळदा मिस्त्री दिवसभर शोधतो आणि कुरकुरत असतो तो सीटखालचा जॅक, पाना किंवा पाण्याची बाटली. म्हणून गॅरेजला जाण्याआधी गाडी रिकामी करून एक फेरी मारून पाहा. फुकटात काम होते.

मिस्त्रीकडे गेल्यावर "गाडी आवाज करते" एवढेच म्हणू नका. डॉक्टरला नुसते "बरं वाटत नाही" म्हटले तर तो काय औषध देणार? केव्हापासून, कुठल्या वेगात, ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर, ओझे असताना की रिकामी असताना, ते सांगा. सोबत्याला मोबाईलवर आवाज टिपून घ्यायला सांगा, म्हणजे गॅरेजात गाडी गप्प बसली तरी तो ऐकवता येतो. पॅड बदलले तर जुने पॅड परत मागून घ्या, आणि एक रुपयाची दोन नाणी जवळ धरून त्यांची जाडी स्वतः पाहा.