काळी पडलेली बाटली काय सांगते?

गावच्या विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवला जातो. जंतू वाढवून पाहायलाच एक-दोन दिवस लागतात. नमुना पोचण्याचा आणि अहवाल परत येण्याचा वेळ त्यात मिळवला, तर तोवर गावाने ते पाणी पिऊन टाकलेले असते. शिवाय ‘पिण्यास अयोग्य’ या शेऱ्यावरून घाण कुठून आली ते कळत नाही. ते शोधायचे तर रोज पाणी भरणारी माणसेच तपासणीत सहभागी व्हायला हवीत.

१९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील मांजा, मौर्य आणि राव यांनी अशी एक सोपी चाचणी प्रसिद्ध केली. बाटलीतल्या कागदाच्या पट्टीवर जंतूंचे खाद्य, सोडिअम थायोसल्फेट आणि लोहाचा एक क्षार असतो. आतड्यात राहणारे अनेक जंतू थायोसल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. त्याचा लोहाशी संयोग होऊन काळे आयर्न सल्फाइड बनते. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून ती उबदार जागी ठेवायची. एक-दोन दिवसांत पाणी काळे पडले, तर त्यात विष्ठेची घाण मिसळली असण्याची दाट शक्यता असते. मात्र काळे पडले नाही म्हणजे पाणी सर्वार्थाने निर्दोष, असे नव्हे. फ्लोराइड किंवा नायट्रेट या चाचणीत दिसत नाही.

एका बाटलीऐवजी तीन घेतल्या तर? एक विहिरीची, दुसरी नळाची आणि तिसरी घरातल्या हंड्याची. तिन्ही एकाच दिवशी. विहिरीची काळी पडली, तर दोष उगमापाशी आहे. विहिरीची स्वच्छ पण नळाची काळी असेल, तर वाटेत जलवाहिनी फुटलेली असावी. पाणी बंद झाल्यावर नळातला दाब कमी होतो आणि गटारातले पाणी फटीतून आत शिरते. फक्त हंड्याची काळी पडली, तर हात किंवा पेला बुडवण्याची सवय तपासावी. लांब दांड्याचे ओगराळे हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे.

बाटलीबरोबर डोळ्यांनीही पाहणी करावी. विहिरीचा कठडा शाबूत आहे का? ओट्याला भेगा आहेत का? जवळ सांडपाण्याचे डबके साचते का? १५ मीटरच्या आत शौचालयाचा खड्डा आहे का? ‘हो-नाही’ अशी उत्तरे मुले सहज नोंदवतील. पण डबके कधी साचते, नळाला गढूळ पाणी केव्हा येते, हे पाणी भरणाऱ्या बायकांनाच विचारावे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. शाळेने त्यांच्या सोबतीने हे काम करावे.

दोन पथ्ये मात्र पाळायला हवीत. काळ्या बाटलीत जंतू भरपूर वाढलेले असतात; ती मुलांना उघडू देऊ नये, शिक्षकांनी ब्लीचिंग पावडरचे द्रावण घालूनच रिकामी करावी. दुसरे, कोणाच्या घरचा हंडा काळा निघाला ते नाव फळ्यावर लिहू नये. एकदा माणूस दुखावला की पुढच्या वेळी तो नमुना देणार नाही.

निष्कर्ष ग्रामसभेत मांडावेत. विहिरीत टीसीएल टाकल्याने तात्पुरते भागते. पण ओटा फुटकाच राहिला, तर पुढच्या पावसात घाण पुन्हा आत उतरते. म्हणून दुरुस्तीनंतर त्याच तीन जागांच्या बाटल्या पुन्हा भराव्यात आणि आधीच्या नोंदीशेजारी नवी नोंद लिहावी. काम झाले की नाही, हे मग गावाला स्वतःच पाहता येईल.